बुळकांडीच्या मागावर : भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेची वाटचाल

९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये 'इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' या नावाने एक प्रयोगशाळा सुरू झाली. आज बरेलीजवळ इज्जतनगरला मुख्यालय असलेली भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच. देशातल्या पशुरोग-संशोधनाचा पाया पुण्यात घातला गेला, हे आपल्याकडच्या पशुवैद्यकांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी.

प्रयोगशाळा काढावी लागली ती मुख्यतः बुळकांडीमुळे. आमच्या पिढीने हा रोग पुस्तकात वाचला. आमच्या आजोबांनी तो गोठ्यात पाहिला. जनावराला आधी सणकून ताप भरायचा, ते चारा-पाणी सोडायचे, डोळ्यांतून आणि नाकातून स्राव सुरू व्हायचा. मग हिरड्यांवर आणि ओठांच्या आतल्या बाजूला कोंडा भुरभुरल्यासारखे करडे ठिपके उठायचे, त्यांच्या जागी लाल चट्टे पडायचे आणि तोंडाला उग्र घाण यायची. त्यानंतर हगवण लागायची, रक्तमिश्रित, आणि आठवडा-दहा दिवसांत जनावर दावणीलाच आडवे व्हायचे. बुळकांडी गावात शिरली की एक-दोन बैलांवर भागत नसे, दावणीच्या दावणी रिकाम्या होत. पेरणीच्या तोंडावर बैलजोडी गेलेला शेतकरी त्या वर्षापुरता शेतकरी राहत नसे. पुढच्या वर्षाचीही शाश्वती नसे.

सरकारलाही या रोगाची दखल घ्यावी लागली. कर्नल हॅलन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या कॅटल प्लेग कमिशनने १८७१ मध्ये आपला अहवाल दिला. पुण्यात १८६२ पासून लष्करी पशुवैद्यक शाळा होती, मुंबईत परळला १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले होते. तेव्हा प्रयोगशाळेसाठी पुणे निवडणे स्वाभाविक होते. पण एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. सुरुवातीच्या काळात राज्यकर्त्यांच्या नजरेसमोर कुणब्याच्या बैलाइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, घोडदळाचा घोडा होता. पहिले प्रमुख डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड यांनी पुण्यात असताना 'सर्रा' या घोड्यांच्या रोगावर बरेच काम केले. सर्राचा परजीवी ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये डेरा इस्माईल खान येथे शोधला होता. कोणत्याही प्राण्याच्या रक्तात रोग घडवणारा ट्रिपॅनोसोम सापडण्याची ती पहिली वेळ. ते काम मोलाचे होते, परंतु बुळकांडीचा प्रश्न त्याहून कितीतरी मोठा होता, आणि तो पुण्यात बसून सुटण्यासारखा नव्हता.

कारण उघड आहे. बुळकांडीवर काम करायचे तर रोग जिवंत ठेवावा लागतो. एका जनावरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. हे भरवस्तीत, आजूबाजूला हजारो गुरे असताना करणे म्हणजे आगीशी खेळ. शिवाय उन्हाळ्यात रक्त, लस, सगळेच नासते. म्हणून १८९३ मध्ये प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरांत, सुमारे साडेसात हजार फूट उंचीवर, मुक्तेश्वरला हलवण्यात आली. चहूबाजूंनी जंगल, समोर नंदादेवीची रांग, गावे विरळ. काठगोदामच्या रेल्वे स्थानकापासून पुढे डोंगरवाट. आज पर्यटक तिथे हवापालटासाठी जातात. त्या काळी ती जागा निवडली गेली ती तिथून रोग निसटला तरी फार दूर जाऊ नये म्हणून.

१८९७ मध्ये जीवाणुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख मुक्तेश्वरला येऊन गेले. त्याआधी ते दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीला बुळकांडीवर काम करत होते आणि तिथून प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईला आले होते. गाफकी आणि फायफर हे त्यांचे सहकारीही सोबत होते. कॉख आफ्रिकेत कशासाठी गेले, हे समजून घेतल्याशिवाय या संस्थेचे महत्त्व कळत नाही. १८८० च्या दशकाच्या अखेरीस लाल समुद्राच्या किनाऱ्यावर मासावा बंदरात गुरे उतरली. इटालियन फौजेसाठी आणलेली ही गुरे बहुधा भारतातून किंवा एडनच्या बाजूने आली असावीत. त्यांच्यासोबत बुळकांडी आफ्रिकेत शिरली आणि दहाएक वर्षांत पार दक्षिण टोकापर्यंत पोहोचली. कित्येक प्रदेशांत दहातली आठ-नऊ गुरे मेली. इथिओपियात नांगराला बैल उरले नाहीत आणि मोठा दुष्काळ पडला. पूर्व आफ्रिकेतल्या मसाईंसारख्या, गुरांवरच जगणाऱ्या लोकांची वाताहत झाली. रोग जहाजाने प्रवास करतो आणि एका खंडातली गुरे दुसऱ्या खंडातल्या माणसांचे आयुष्य उलथेपालथे करतात, हे तेव्हा पहिल्यांदा इतक्या ठळकपणे दिसले.

कॉख यांनी रोगी जनावराचे पित्त टोचून निरोगी जनावराला संरक्षण देण्याची पद्धत सुचवली होती. ती फार काळ टिकली नाही. मुक्तेश्वरला खरे बस्तान बसले ते रक्तजलाचे, म्हणजे सीरमचे. रोगातून उठलेल्या बैलाला रोगी रक्ताचे वाढते डोस पुन्हा पुन्हा टोचायचे, त्याच्या अंगात प्रतिकारद्रव्ये भरपूर साठू द्यायची, मग ठरावीक अंतराने त्याचे रक्त काढून त्यातले सीरम वेगळे करायचे. साथ लागलेल्या गावात हे सीरम टोचले की जनावर तेवढ्यापुरते वाचे. तेवढ्यापुरतेच, कारण हे उसने संरक्षण काही दिवसांतच ओसरते. पुढची पायरी 'सीरम-सायमल्टेनियस' पद्धतीची होती. त्यात एका बाजूला जिवंत रोगाचे रक्त आणि दुसऱ्या बाजूला सीरम, दोन्ही एकाच वेळी टोचत. जनावर सौम्य आजारी पडे आणि बरे झाले की जन्मभर सुरक्षित राही.

या कामात एक अडचण आली आणि तिने पुढच्या पन्नास वर्षांना दिशा दिली. मैदानी मुलखातल्या बैलाला पुरणारा सीरमचा डोस कुमाऊँच्या पहाडी गुरांना मुळीच पुरेना. पहाडी जनावर या रोगापुढे कितीतरी नाजूक ठरले. म्हणजे रोग एक, पण गुराच्या जातीगणिक त्याचा जोर वेगळा. जे. डी. ई. होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या गुरांसाठी डोसचे हिशेब बसवले. 'जनावर' नावाचे एकच प्राणिमात्र नसते, तर कोणत्या मुलखातले, कोणत्या जातीचे, कोणाच्या गोठ्यातले हे आधी विचारावे लागते. ही शिस्त संस्थेत तेव्हापासून रुजली. १९१३ मध्ये मैदानात, बरेलीजवळ इज्जतनगरला शाखा निघाली. डोंगरावर जनावरे आणि चारा दोन्ही अपुरे पडत होते आणि सीरमची मागणी सारखी वाढत होती.

१९२० मध्ये भारतातली गुरे पुन्हा एकदा जगाच्या चर्चेत आली. ब्राझीलला निघालेली काही भारतीय गुरे बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात मुक्कामाला उतरवली गेली. त्यांच्यापासून तिथल्या जनावरांत बुळकांडी पसरली. पहिल्या महायुद्धातून नुकत्याच उठलेल्या युरोपाची झोप उडाली. १९२१ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय परिषद झाली आणि २५ जानेवारी १९२४ रोजी २८ देशांनी करारावर सह्या करून पशुरोगांसाठी जागतिक कार्यालय स्थापन केले. 'ओआयई' म्हणून ओळखली गेलेली आणि आता जागतिक पशुआरोग्य संघटना म्हणवणारी संस्था ती हीच. संयुक्त राष्ट्रसंघाच्याही आधीची. एखाद्या देशात रोग उद्भवला तर तो लपवायचा नाही, इतर देशांना तत्काळ कळवायचे, हा तिचा मूळ नियम. हा नियम पाळणे किती अवघड आहे हे व्यापार करणारा कोणताही देश सांगेल. रोग जाहीर केला की बाजार बंद होतो, न केला की शेजाऱ्याचा गोठा बुडतो.

अँटवर्पने युरोपला जे शिकवले ते मुक्तेश्वरच्या शास्त्रज्ञांना आधीच ठाऊक होते. साथ आली की सीरमच्या बाटल्या धाडायच्या, याने रोग हटणार नव्हता. हवी होती स्वस्त, एका टोचणीत काम भागवणारी लस. ती जे. टी. एडवर्ड्स यांनी दिली. त्यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांमध्ये एकामागून एक वाढवत नेला. शेळीच्या अंगात रुळता रुळता तो गुरांसाठी सौम्य झाला. मैदानी बैलाला त्याने किरकोळ ताप येई आणि आयुष्यभराचे संरक्षण मिळे. सीरमची गरजच उरली नाही. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही लस आकाराला आली. पुढे शेळीची प्लीहा वाळवून तिची भुकटी कुप्यांत भरली जाऊ लागली आणि लस खेड्यापाड्यांत पोहोचली. पहाडी गुरे, म्हशींचे काही प्रकार, विदेशी संकर यांना मात्र ती झेपत नव्हती. तिथे जपानी शास्त्रज्ञ जुंजी नाकामुरा यांनी सशांत वाढवलेल्या विषाणूची लस उपयोगी पडली. १९६० च्या सुमारास केनियात वॉल्टर प्लॉराइट यांनी पेशीसंवर्धनावर तयार केलेली लस आली. ती सगळ्या जातींना चालली आणि जगभरच्या मोहिमेचा आधार ठरली. परंतु शेळीच्या लशीने जी दोन-तीन दशके निभावली ती विसरता कामा नये. आशियातली असंख्य गुरे तिच्यावर जगली.

या काळात संस्थेची नावे बदलत गेली. १९२५ मध्ये इंपीरियल इन्स्टिट्यूट ऑफ व्हेटर्नरी रिसर्च, १९३६ मध्ये इंपीरियल व्हेटर्नरी रिसर्च इन्स्टिट्यूट आणि स्वातंत्र्यानंतर 'इंपीरियल'च्या जागी 'इंडियन'. १९८३ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. इज्जतनगर, मुक्तेश्वर, बंगळूर, भोपाळ, पालमपूर, कोलकाता असा तिचा पसारा वाढला. १९६० मध्ये पश्चिमेकडून आफ्रिकन हॉर्स सिकनेस हा घोड्यांचा रोग देशात घुसला तेव्हा लस याच संस्थेने पुरवली. लाळ्या-खुरकुताचे काम बंगळूरला फोफावले. त्याचा विस्तार करण्याचा मोह आवरतो, कारण संस्थेच्या इतिहासाचा कणा बुळकांडी हाच आहे.

१९५४ मध्ये राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन कार्यक्रमाला सुरुवात झाली. पाच वर्षांत देशातल्या ८० टक्के गाई-म्हशींना लस टोचायची, असे उद्दिष्ट होते. ज्या काळी कित्येक गावांना रस्ता नव्हता, वीज नव्हती, बर्फ मिळणे मुश्किल होते, त्या काळी पशुधन पर्यवेक्षकांनी सायकलवर, बैलगाडीतून, पायी जाऊन हे काम केले. साथींची वार्षिक संख्या हजारोंवरून काही शेकड्यांवर आली. आणि तिथेच अडली. तीस वर्षे अडून राहिली.

का अडली, हा या सगळ्या कहाणीतला सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे. लस उत्तम होती, टोचणारे हात प्रामाणिक होते, आकडेही मोठे होते. परंतु दर वर्षी कोट्यवधी वासरे जन्माला येत होती. टोचलेल्यालाच पुन्हा टोचले जात होते आणि न टोचलेले तसेच राहत होते. मुख्य म्हणजे रोग प्रशासनाच्या हद्दी ओळखत नव्हता. तो बाजाराच्या रस्त्याने जात होता. दक्षिणेत एका राज्याच्या आठवडी बाजारात विकत घेतलेला बैल चार दिवसांनी दुसऱ्या राज्यात उतरायचा. एका जिल्ह्याने ९० टक्के टोचले आणि गुरे जिथून येतात त्या शेजारच्या जिल्ह्याने ४० टक्के, तर पहिल्याची मेहनत पाण्यात. नुसत्या टक्केवारीने रोग हटत नाही. जनावरे कुठून कुठे जातात हे ज्याला माहीत आहे तोच त्याला गाठू शकतो. १९८३ मध्ये नेमलेल्या कृतिदलाने सरसकट लसीकरणाकडून नेमक्या लसीकरणाकडे वळण्याचा आग्रह धरला. १९९२ मध्ये युरोपीय समुदायाच्या मदतीने नवा राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला आणि देशाचे धोक्यानुसार विभाग पाडले गेले.

या टप्प्यावरचे काम बाहेरच्या लोकांना फारसे दिसले नाही, म्हणून थोडे तपशिलात सांगतो. ठरले असे की ज्या भागात रोग नाही तिथे लस थांबवायची. कारण टोचलेल्या जनावराच्या आणि रोगातून उठलेल्या जनावराच्या रक्तात प्रतिपिंडे सारखीच दिसतात. लस चालू आहे तोवर रोग खरोखर गेला की नुसता दडला आहे, हे सिद्ध करता येत नाही. चाळीस वर्षे 'टोचा, टोचा' म्हणून गावोगाव सांगितलेल्या माणसांना आता 'थांबा आणि शोधा' असे सांगायचे होते. एक जरी रोगी जनावर राहिले असते तर लाखो न टोचलेली गुरे उघडी पडली असती. हा निर्णय घेणाऱ्यांच्या धैर्याचे जितके कौतुक करावे तितके थोडेच आहे.

मग शोध सुरू झाला. गावशोधात पशुवैद्यक गावात जाऊन, गुरे राखणाऱ्याला भेटून, तोंड आलेले, हगवण लागलेले जनावर कोणाकडे आहे का हे विचारत. गुरांच्या वाटांवरचा शोध वेगळा होता. बाजारांना जाणारे रस्ते, पाणवठे, तपासणी नाके येथे थांबून कळप पाहत. दवाखान्यांच्या रोजनोंदवह्याही पानन् पान चाळल्या गेल्या. 'हगवण' असे एका शब्दात लिहून सोडून दिलेल्या नोंदीमागे काही वेगळे होते का, हे तपासले गेले. रक्तनमुने प्रयोगशाळांत येत होते आणि संशयास्पद नमुन्यांचा निवाडा मुक्तेश्वरला होत होता. भारतातली बुळकांडीची शेवटची साथ १९९५ मध्ये तामिळनाडूत नोंदली गेली. २००४ मध्ये देश रोगमुक्त आणि मे २००६ मध्ये संसर्गमुक्त असल्याचे 'ओआयई'ने मान्य केले. जगातला शेवटचा प्रादुर्भाव २००१ मध्ये केनियात आढळला. २५ मे २०११ रोजी पॅरिसला आणि २८ जून २०११ रोजी रोमला, अन्न व कृषी संघटनेत, बुळकांडी पृथ्वीवरून नाहीशी झाल्याची घोषणा झाली. माणसाने ठरवून संपवलेला हा देवीनंतरचा दुसराच रोग.

रोग गेला तरी त्याचा विषाणू काही प्रयोगशाळांच्या शीतपेट्यांत जतन केलेला आहे. तो कुठे, कोणाच्या ताब्यात ठेवायचा याचे कडक आंतरराष्ट्रीय नियम आहेत. असा साठा राखण्यास मान्यता मिळालेल्या जगातल्या मोजक्या जागांत २०२५ मध्ये भोपाळच्या प्रयोगशाळेची भर पडली.

भोपाळच्या या प्रयोगशाळेचे नाव महाराष्ट्राला कळले ते नवापूरमुळे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या कुक्कुटपालनगृहांत कोंबड्या धडाधड मरू लागल्या. नमुने भोपाळला, तेव्हा इज्जतनगरच्याच अखत्यारीत असलेल्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत गेले. तिथल्या खोल्यांत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवलेला असतो, म्हणजे दार उघडले तरी हवा आतच येते. बाहेर जाणारी हवा गाळून, सांडपाणी निर्जंतुक करूनच सोडले जाते आणि माणूस अंघोळ करूनच बाहेर पडतो. १८ फेब्रुवारीला निदान जाहीर झाले. एच५एन१, भारतातला पहिला बर्ड फ्लू. पांढऱ्या संरक्षक पोशाखातली पथके नवापुरात उतरली, लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या, अंडी आणि खाद्य नष्ट केले गेले. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. रोगाभोवती वर्तुळ आखायचे तर ते शेजारच्या उच्छल तालुक्यातही जाणारच, आणि दोन राज्यांच्या यंत्रणांना एकाच नकाशावर काम करावे लागले. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातही रोग आढळला. तिथल्या पोल्ट्रीवाल्यांनी सोसलेला तोटा फार मोठा होता. पण रोग वेळीच ओळखला गेला, लपवला गेला नाही. १९२४ चा नियम इथे पाळला गेला.

लम्पीने मात्र आपल्याला गाफील गाठले. १९२९ मध्ये आफ्रिकेतल्या झांबियात प्रथम नोंदलेला हा त्वचारोग २०१९ मध्ये ओडिशात आला आणि २०२२ मध्ये देशभर पसरला. त्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात सुरू झालेली साथ काही आठवड्यांत राज्यभर गेली. सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राने २००९ च्या कायद्यानुसार संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर केले आणि गुरांचे बाजार, वाहतूक, शर्यती बंद केल्या. हाताशी होती ती शेळ्यांच्या देवीची लस. लम्पीचा विषाणू त्याच कुळातला असल्याने ती गुरांनाही संरक्षण देते, आणि ही लस मुक्तेश्वरच्या परंपरेतलीच. त्याच सुमारास हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने इज्जतनगरच्या सहकार्याने खास लम्पीची लस तयार केली होती. १० ऑगस्ट २०२२ रोजी ती जाहीर झाली आणि डिसेंबरात तिचे तंत्रज्ञान पुण्याच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेला मिळाले. त्या हंगामात ऊसतोडीला निघालेल्या बैलजोड्यांचे काय करायचे, हा प्रश्न बीडपासून कोल्हापूरपर्यंत प्रत्येक पशुवैद्यकाला पडला होता. बैल थांबवला तर कुटुंबाची उचल फिटत नाही, सोडला तर माश्या-डासांसोबत रोग पुढे जातो. लम्पीत महाराष्ट्राने मृत गाईमागे ३०,००० आणि बैलामागे २५,००० रुपये भरपाई दिली. हा निर्णय योग्यच होता, कारण भरपाईची खात्री असेल तरच माणूस रोग लवकर कळवतो.

आता संस्थेपुढे काम आहे पीपीआरचे. शेळ्या-मेंढ्यांचा हा रोग बुळकांडीच्या विषाणूच्या जवळच्या नात्यातला. १९८७ मध्ये तामिळनाडूतल्या अरसूर गावी तो भारतात प्रथम ओळखला गेला. आधी शेळ्यांना बुळकांडीचीच लस देऊन भागवले जाई, पण बुळकांडी संपल्याचे सिद्ध करायचे असताना शेळ्यांच्या रक्तात तिची प्रतिपिंडे सापडणे परवडणारे नव्हते. म्हणून मुक्तेश्वरच्या शास्त्रज्ञांनी हिमाचलमधल्या सुंग्री येथे सापडलेल्या विषाणूपासून 'सुंग्री ९६' ही स्वतंत्र लस आणि तिच्या जोडीची एलायझा चाचणी तयार केली. एका टोचणीत अनेक वर्षे टिकणारे संरक्षण देणारी ही लस आज देशातल्या पीपीआर मोहिमेचा आधार आहे. २०३० पर्यंत जगातून पीपीआर नाहीसा करण्याचे आंतरराष्ट्रीय उद्दिष्ट आहे.

ते गाठणे सोपे नाही. शेळ्या-मेंढ्यांची पिढी गाईपेक्षा फार लवकर बदलते. दर वेताला कळपात न टोचलेली करडे-कोकरे येतात, आणि आपला धनगर पावसानंतर माण-खटाव, सांगोला, संगमनेरच्या बाजूने कोकणाकडे उतरतो आणि पावसाळ्याआधी परत फिरतो. मेंढ्या गावात नसतात तेव्हा गावात लसीकरण शिबिर भरवून काही साधत नाही. म्हणून टोचणीचे वेळापत्रक दवाखान्याच्या सोयीने ठरवता येणार नाही. कोणता वाडा कोणत्या महिन्यात कोणत्या घाटातून उतरतो याची नोंद तालुकागणिक करून ते आखावे लागेल. ज्या ठिकाणी असे प्रयत्न झाले तिथे मेंढपाळांनीच वाटा सांगितल्या, मुक्कामाची शेते दाखवली आणि लसीची पेटी वाहायला आपली घोडी दिली.